उपसलेल्या दोन विहिरी

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, जाळपोळ झाली, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात युरेनियम शोधणारी सरकारी जीप परभणीत आली. देशाची खाण दूर बिहारात होती. आणखी कुठे साठा आहे याचा अंदाज बांधण्यासाठी विहिरींचं पाणी तपासलं जात होतं. जीपमधल्या भूवैज्ञानिकाने पहिल्याच दिवशी सांगितलं, की इथल्या काळ्या दगडात फारसं काही मिळणार नाही. पण 'नाही' हेही नक्की कळायला हवं. मी वार्ताहर म्हणून सोबत होतो.

झरीच्या पुढच्या एका गावात त्याने पाणी ओढायला रोजंदारीवर एक माणूस घेतला. माणूस बौद्ध वस्तीतला. पहिला नमुना वस्तीच्या विहिरीचा घेतला, दुसरा गावच्या विहिरीचा घ्यायचा होता. गावच्या विहिरीवर तो माणूस थांबला.

"इथं तुमीच ओढा, साहेब."

"सरकारी काम आहे. ओढ."

भूवैज्ञानिक परमुलखातला होता. एका विहिरीचा थेंब दुसरीच्या नमुन्यात येऊ नये म्हणून नव्या पाण्याने बादली खंगाळून घ्यायची, एवढं सोवळं त्याला ठाऊक होतं. बादली एकच होती. त्या माणसाने आजूबाजूला पाहिलं आणि दोर विहिरीत सोडला.

पाणवठ्यावरच्या बायका मागे सरल्या. बाटली भरून होईस्तोवर पंधरा-वीस माणसं जमली. पुढे एक वयस्क जमीनदार होता. आवाज न चढवता तो बोलला.

"हीच बादली तिकडच्या हिरीतून आणली ना?"

"बादली मी सोडली," भूवैज्ञानिक म्हणाला.

"आमी काय आंधळे हाव, साहेब?"

कोणीतरी हसलं. मागून आवाज आला, "ठराव झाला म्हणून हीर बी ह्यांचीच झाली वाटतं!"

जमीनदाराने हात वर केला. "इंजिन लावा, हीर उपसा. आन् उद्यापासून त्या वस्तीतलं कुनी आपल्या रानात दिसू नये."

तो माणूस खाली बघत उभा होता. वस्तीतल्या कोणाकडेच जमीन नव्हती. रान बंद म्हणजे चूल बंद.

भूवैज्ञानिकाने बाटलीतलं पाणी सगळ्यांसमोर ओतून दिलं. "विहीर मी उपसायला सांगणारच होतो. साचलेलं पाणी तपासणीला चालत नाही, झऱ्याचं ताजं लागतं. सरकारी कामासाठी उपसा. या माणसाचा काही संबंध नाही."

जमीनदाराला उपसलेली विहीर हवी होती, ती मिळत होती; आणि सरकारी जीपशी वाकडं घेण्याची त्याची इच्छा दिसत नव्हती. मग त्याने डोळे बारीक केले.

"मग तिकडची का न्हाई उपसली?"

भूवैज्ञानिक हातातल्या रिकाम्या बाटलीला बूच लावू लागला.

"उपसायची हाय की, मालक," तो माणूस म्हणाला. "इंजिन मोकळं झालं की तिकडंच न्यायचंय. साहेब मघाच बोलले मला."

साहेब असं काही बोलले नव्हते.

"मग न्या," जमीनदार म्हणाला. "साहेबाचा कायदा सगळ्याला सारखा पायजे. तसं झालं तर माझं कुनाशी वैर न्हाई."

गावची विहीर उपसून झाली. इंजिन घेऊन वस्तीकडे जाताना भूवैज्ञानिकाने त्या माणसाला विचारलं, "तुमची विहीर पुन्हा भरायला किती वेळ लागेल?"

"उन्हाळा हाय. झरा बारीक हाय. उद्या सांजेपर्यंत घागरभर लागंल."

"तोवर?"

"तोवर तहान मारू. रान तर चालू ऱ्हाईल."

वस्तीत त्या माणसाने बायकांना घरातलं असेल ते भांडं भरून ठेवायला सांगितलं. एका म्हातारीने कपाळाला हात लावला. "आरं, चांगलं पानी कशापायी सांडायलाव?" त्याने तिला कारण सांगितलं. ती तिथेच बसून राहिली.

वस्तीच्या विहिरीवर इंजिन सुरू झालं. पाणी चरातून वाहून पडीक रानात जिरत गेलं. गावातले दोघे बांधावर उभे राहून तळ दिसेपर्यंत बघत होते. मग ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळाशी थोडं पाणी साचलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन कधीच्या काठावर बसल्या होत्या. तो माणूस पायऱ्यांनी खाली उतरला. भूवैज्ञानिकाने वरून दोरीला बांधून बाटली खाली सोडली. ती भरून वर येईपर्यंत कोणी घागर पुढे केली नाही.