अनवाणी अक्का आणि माझी सायकल

मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटे जळगाव सोडलं तेव्हा सायकलला पाण्याच्या दोन बाटल्या होत्या आणि पाठीच्या खिशात राजगिऱ्याच्या वड्या आणि एक कांदा. कांदा सासूबाईंनी कोंबला होता. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, हे आमच्या खानदेशात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी त्यांच्यासमोर मान डोलावली आणि जिना उतरता उतरता हसले. तो कांदा पुढे माझ्याच तळपायांना चोळला जाणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत!

मी कोर्टात स्टेनो आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या भांडणांचं टंकलेखन करते. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी वजनावरून चार शब्द सुनावले म्हणून सायकल घेतली आणि मग ती अंगातच भिनली. आमचा सात-आठ जणांचा गट दर रविवारी बाहेर पडतो. माझ्या डोक्यात एकच खूळ होतं: चोपड्यावरून शिरपूर गाठायचं आणि त्याच दिवशी परत जळगाव. दोनशे किलोमीटर, वर थोडे. खरं तर मी जात्याच भित्री. पालीला भिते, ट्रकच्या हॉर्नला भिते, साहेबांच्या घंटीला भिते. सायकलवर बसलं की तेवढ्यापुरती भीती मागे पडायची, म्हणून तर ती सुटत नव्हती.

विदगावच्या पुलावर तापी ओलांडली तेव्हा उजाडत होतं. धानोरा गेलं, दोन्ही अंगांना केळीच्या बागा, हवा गार. अडावदला माझं चाक पंक्चर झालं. ट्यूब बदलली तर तीही पिचलेली निघाली. दुकान उघडेपर्यंत वाट बघावी लागली. बाकीच्यांना मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी गाठतेच. गाठतेच! तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण चोपड्यात चहा पिताना टपरीवाल्या भाऊंनी विचारलं, इतक्या उन्हात कुठे? मी ऐटीत शिरपूर म्हणाले. त्यांनी बाटल्या भरून दिल्या.

चोपड्यापुढे उजव्या हाताला सातपुडा सोबत करतो. पावसाळ्यात हिरवा, मे महिन्यात नुसता भाजलेला. हातेड गेलं, गलंगी गेली. ऊन आता डोक्यावर नाही, डोक्याच्या आत होतं. पाणी संपलं होतं. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. घाम थांबला. अंगावर काटा आला. त्या भट्टीत मला चक्क थंडी वाजली आणि वाटलं, वा, वारा सुटला वाटतं. पुढचं आठवत नाही.

जाग आली ती एका कडुनिंबाखाली. अंगावर ओलं लुगडं, तोंडाजवळ गुळाच्या पाण्याचा पेला, आणि एक म्हातारी माझ्याच खिशातला कांदा फोडून माझ्या तळपायांना चोळत होती. पलीकडच्या वावरात कपाशीच्या काड्यांची मोळी पडली होती. त्या गोळा करताना तिनं मला बांधावरून खाली जाताना पाहिलं होतं.

“काय नाव शे तुन्हं, पोरी?” (काय नाव आहे तुझं?)

मला नाव आठवेना. स्वतःचं नाव! तशी भीती मी जन्मात अनुभवली नव्हती. म्हातारी पुन्हा पुन्हा विचारत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

म्हातारीला सगळे अक्का म्हणत; तिच्या सुनेनं, मंगलानं, रिक्षा बोलावली. चोपड्याच्या दवाखान्यात सलाईन लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं. संध्याकाळी विलास, माझा नवरा, गाडी घेऊन आला.  घरी आल्यावर त्यानं सायकल उचलून माळ्यावर टाकली आणि मी त्याला थांबवलं नाही.

जूनच्या शेवटी मीच ती खाली काढली. रिपोर्ट सगळे नॉर्मल होते. पाऊस झाला होता, ऊन नव्हतं, मग भ्यायचं कशाला? विदगावच्या पुलापर्यंत छान गेले. खाली तापी गढूळ, दोन्ही थड्या भरून वाहत होती. पुलावर गार वारा लागला आणि हातांवर काटा आला. झालं! तोच काटा. छाती धडधडायला लागली, बोटं ब्रेकवरून सुटेनात. पावसाळी वाऱ्यानं कुणाच्याही अंगावर काटा येतो, हे मला कळत होतं. पण अंगाला कोण समजावणार? कठड्याला टेकून मी मोठमोठ्यानं स्वतःचं नाव म्हणत राहिले, आठवतंय ना ते बघायला. मागून येणारा मोटारसायकलवाला थांबला आणि ‘ताई, ठीक आहात ना’ म्हणून विचारून गेला. मी सायकल वळवली.

त्यानंतर तीनदा तसंच झालं. पुलाच्या अलीकडे मी आणि पुलाच्या पलीकडे शिरपूर.

श्रावणात एस्टीनं गेले. अक्कासाठी लुगडं, नारळ, पेढे. ज्यांनी जीव वाचवला त्यांना नीट भेटलेही नव्हते. पाऊस रिपरिपत होता, पायवाटेवर घोट्याएवढा चिखल. अक्का निंदणी करून आली ती अनवाणी. पायांना काळी माती आणि भेगा. मी पाया पडले. तिनं माझ्या मागे पाहिलं, सायकल शोधत असावी.

“एस्टीमा बशीसन उनी का?” (एस्टीत बसून आलीस का?) “मंग नवस फिटाव नही.” (मग नवस फिटणार नाही.)

कसला नवस? मंगलानं सांगितलं. मी शुद्धीवर येत नव्हते तेव्हा अक्कानं बांधावरच्या म्हसोबाला हात जोडले होते: ही बाई जगू दे, आणि ती आपल्या या सायकलवर बसून इथे परत येईपर्यंत मी पायात चप्पल घालणार नाही. शेंदूर फासलेला तो दगड मी पाहिला. माझ्या पडण्याच्या जागेपासून चार पावलांवर होता. मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, अक्का, देवाला माणूस आल्याशी मतलब, गाडी कोणती का असेना.  अक्कानं लुगडं घेतलं, नारळ मात्र परत केला. तो सायकलवरूनच यायचा होता.

परतीच्या एस्टीत मला राग आला होता. मी सांगितलं होतं का नवस बोलायला? ओळख ना पाळख, आणि माझ्या जिवावर हे ओझं! घरी विलास म्हणाला, अडाणीपणा आहे, सोड. सासूबाई मात्र म्हणाल्या की बोललेला नवस ज्याचा त्यालाच फेडावा लागतो, पण इथे बोलली एक आणि फेडायचा दुसरीनं, असं त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं.

दिवाळीच्या सुटीत एकदा पूल ओलांडला. डोळे पुढच्या चाकावर ठेवून, मोठ्यानं पाढे म्हणत. लाज वाटायची गोष्ट आहे, पण तसाच ओलांडला. धानोऱ्याच्या पुढे कापसानं फुगलेला ट्रक इतका जवळून गेला की मी रस्त्याखाली उतरले आणि उतरलेलीच राहिले. बराच वेळ बांधावर बसून रडले. मग परत. गटातले म्हणायचे, हळूहळू होईल, घाई काय आहे? घाई होतीच. कुणीतरी तिकडे अनवाणी चाललं होतं.

चंपाषष्ठी झाली. चातुर्मासात वांगं सोडलेली माणसं त्या दिवसापासून पुन्हा खातात, आणि मग आमच्याकडे मळ्यामळ्यातून भरताच्या पार्ट्या सुरू होतात. अशाच एका पार्टीत मी असताना मंगलाचा फोन आला. अक्काच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. शुगर असल्यानं जखम चिघळली होती. चोपड्याच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की अनवाणी फिराल तर बोट काढावं लागेल, वेळ आली तर पाय. तरी अक्का ऐकत नव्हती. मलमपट्टी बांधून तशीच वावरात जात होती.

“ताई, तुम्ही नाहीच आल्या तरी आम्ही काय बोलणार,” मंगला म्हणाली. “पण ती देवाला घाबरते, डॉक्टरला नाही.”

हातातला घास मी तसाच ठेवला.

विलास म्हणाला, मी मागे गाडी घेऊन येतो. मी नको म्हटलं. गाडी मागे असली तर मी पुलावरच तिच्यात जाऊन बसेन, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यानं चाकांत हवा भरून दिली. सासूबाईंनी थंडीतसुद्धा खिशात कांदा घातला. या वेळी मी हसले नाही. पाठीवरच्या पिशवीत नारळ आणि एक मऊ, रुंद पट्ट्यांची चप्पल होती. माप अंदाजाचं, श्रावणात चिखलात पाहिलेल्या पायांवरून.

पौषातली थंडी. घराबाहेर पडताच अंगावर काटा आला, तो चोपड्यापर्यंत उतरला नाही. म्हणजे ज्या गोष्टीची धास्ती, तीच अंगावर घेऊन पायडल मारायचं. पुलावर धुकं होतं, पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज. मी नाव म्हटलं, बापाचं नाव म्हटलं, घराचा पत्ता म्हटला. पाय चालू ठेवले. अडावदला थांबले नाही, थांबले तर फिरेन म्हणून. चोपड्याच्या टपरीवाल्या भाऊंनी मला ओळखलं. ते म्हणाले, त्या उन्हाळ्यातल्या तुम्हीच ना? चहाचे पैसे घेतले नाहीत. उलट मला आणखी भीती वाटली, जणू शेवटचाच पाजला.

हातेड. गलंगी. सातपुडा उजवीकडे निळसर. ऊन कोवळं, वारा मागून, रस्ता रिकामा, भ्यायला एक कारण नाही आणि माझे दात वाजत होते. मग कडुनिंब लांबून दिसला. त्या झाडापाशी मी एकदा मेलेच होते, असं माझ्या अंगाला वाटत होतं. शेवटच्या टप्प्यात मी उभी राहून पायडल मारलं, कारण बसले असते तर थांबले असते.

अक्का झाडाखाली बसली होती. मी निघाल्याचं मंगलाला फोनवर कळवलं होतं, तिनं सांगितलं असणार. डाव्या पायाला पट्टी, पट्टीवर धूळ. मी सायकल टेकवली. तिनं हात धरून मला म्हसोबापुढे नेलं. नारळ दोन्ही हातांनी आपटला तरी फुटेना. तिसऱ्यांदा फुटला. मग मी खाली बसून तिला चप्पल घातली. पट्टीमुळे डावी घट्ट झाली, मंगलानं पट्टा सैल केला तेव्हा बसली.

आता विचारायला हरकत नव्हती. म्हटलं, अक्का, मी कोण, कुठली, माझ्यासाठी एवढा नवस का बोललात?

“तुन्हासाठी नही वं. माले भ्याव लागना. मन्हा वावरमा बाई मरी जाती, तर मी कोनले काय सांगतू?” (तुझ्यासाठी नाही गं. मला भीती वाटली. माझ्या शेतात बाई मेली असती, तर मी कुणाला काय सांगितलं असतं?)

 एवढे महिने मी तिला किती धीराची समजत होते! तीही भ्यालेली होती, माझ्याइतकीच, आणि त्याच जागी. मला हसू आलं, मग रडू, मग दोन्ही. अक्का म्हणाली, गप, आणि पदरानं स्वतःचेच डोळे पुसले.

जेवायला भरीत होतं. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, बडजीत (होडीसारख्या लाकडी भांड्यात) ठेचलेली, वर कांद्याची पात, आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. भूक असूनही मी बेतानं खाल्लं. परत जायचं होतं. अक्का नवी चप्पल घालून रस्त्यापर्यंत पोचवायला आली, पाय जरा उचलून टाकत, सवय मोडल्यासारखी.

“आते पडू नको,” ती म्हणाली. “मी आखो नवस बोलाव नही.” (आता पडू नकोस. मी आणखी नवस बोलणार नाही.)

परतीची वाट सोपी झाली असं मुळीच नाही. ट्रक तेवढेच जवळून गेले. विदगावच्या पुलावर अंधारून आलं होतं, वारा होता, काटा होता, आणि मी पुन्हा पाढे म्हणत तो ओलांडला. शिरपूर तर राहूनच गेलं. घरी पोचले तेव्हा विलास फाटकात उभा होता. 

पायांवर गरम पाणी घेत होते तेवढ्यात मंगलाचा फोन. मला वाटलं, पोचले का विचारायला असेल. तर म्हणे, अक्का संध्याकाळी वावरात गेली आणि चप्पल हातात घेऊन आली. नवी शे, खराब व्हई जाई (नवी आहे, खराब होऊन जाईल), म्हणते.

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, “तिला सांगा, चप्पल पायात घाल! नाहीतर पुढच्या रविवारी मी स्वतः येऊन घालते, सायकलवर!”

फोन ठेवला. विलास टॉवेल हातात घेऊन माझ्याकडे बघत होता. मी काय बोलून बसले, ते मला त्याच्या तोंडाकडे पाहून कळलं.