दाताची चोख नोंद

दफ्तरखान्याच्या अभिलेखपालांनी वीस वर्षांत कागदाचा कपटाही हरवू दिला नव्हता. मग स्वतःचा दात कसा हरवू देतील? कपाटाचे दार तोंडावर आदळून समोरचा दात मुळासकट फरशीवर पडला, तेव्हा त्यांनी ओठाशी रुमाल दाबला, कुंचल्याने दात झटकला, कोऱ्या कागदात गुंडाळून पाकिटात घातला आणि त्यावर वळणदार अक्षरांत तारीख, वेळ व स्थळ नोंदवले.

डबा घेऊन आलेल्या बहिणीने कपाळावर हात मारला. "दादा, दात आहे तो, दस्तऐवज नव्हे!" तिने दंतवैद्यांना फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून दात चहासाठी ठेवलेल्या थंड दुधात बुडवून दादांना दवाखान्यात ओढत नेले.

डॉक्टरांनी दात जागेवर बसवून शेजारच्या दातांना तारेने बांधला.

"टिकेल ना?" अभिलेखपालांनी कापसाच्या बोळ्याआडून विचारले.

"कोरडा किती वेळ होता, त्यावर आहे."

बहिणीने पाकीट पुढे केले. "ही पडल्याची वेळ. मी दुधात घातला तो वीस मिनिटांनी."

"वीस मिनिटं! मग दात टिकेलच याची खात्री देता येत नाही. नोंद मात्र चोख आहे हं तुमची."

आपली एखादी तरी नोंद चुकलेली निघावी, असे अभिलेखपालांना आयुष्यात प्रथमच मनापासून वाटले.