चुडा उतरवून वाजवलेला पियानो

मी पियानो वाजवते हे आमच्या नातेवाइकांच्या कधी पचनी पडलं नाही. पेटी शिकली असती तर भजनाला तरी उपयोगी पडली असती, असं आत्या तोंडावर म्हणायची. पण आम्ही अंधेरीला राहायचो आणि वडिलांच्या ऑफिसातल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याची बहीण मरोळला पियानो शिकवायची. आम्ही तिला टीचर म्हणायचो. तिच्या अंगणात कोंबड्या, कुंपणापलीकडे बैलगाड्यांचा रस्ता. त्या कलकलाटात मी युरोपातल्या भल्याभल्यांच्या रचना घोकल्या.

मला बघायला आले तेव्हा वडिलांनी जरा घाबरतच पियानोचं सांगितलं. वाटलं, झालं, हेही स्थळ गेलं. पण मुलाचा चेहरा असा खुलला की पुढ्यातले पोहे तसेच राहिले. घाटकोपरचे, इंजिनिअर, पत्रिका बघायची नाही असं आधीच बजावून आलेले. लग्नानंतरही वाजवायचं, ही त्यांचीच अट होती. मी मनातल्या मनात टुणकन उडी मारली.

घरात हे आणि सासूबाई, दोघंच. सासूबाई ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, सोवळंओवळं कडक, बोलणं जेवढ्यास तेवढं. मला धाक होता तो त्यांचाच.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत शहरातल्या एका सभागृहात माझा पहिला स्वतंत्र कार्यक्रम होता. मी रोज मरोळला जाऊन सराव करायचे. कासाराने हात दाबून दाबून भरलेला हिरवा चुडा मनगटांवर होता. तो रुमालाने आवळून बांधायचा आणि वाजवायचं. कोंबड्यांच्या गोंधळात बांगड्यांची किणकिण कळायची नाही. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मात्र त्या रिकाम्या सभागृहात मी संथ भाग वाजवायला घेतला आणि टीचर शेवटच्या रांगेतून तरातरा पुढे आली. म्हणाली, सुरांपेक्षा काचाच जास्त ऐकू येतायत. रुमाल आणखी आवळला तर मनगट वळेना.

तिने मला मोरीत नेलं. साबण लावून, हात चेपून एकेक बांगडी उतरवली. त्यात दोन तडकून वाढल्या. नव्या नवरीच्या हातावर बांगडी वाढली की घरची बाई लगेच दुसरी भरायला लावते. मी तर दोन्ही हात मोकळे करून उभी होते. सासूबाई काय म्हणतील, हे एकच डोक्यात. मग टीचरने मला स्टेजवर ढकललं, आणि खरं सांगते, पहिल्या पानानंतर मला सासूबाईही आठवल्या नाहीत. हात इतके हलके झाले होते.

संपल्यावर टाळ्या झाल्या. मी उठून वाकले आणि समोर बघितलं. ह्यांच्या ऑफिसचे साहेब टाळ्या वाजवत होते, सासूबाई ताठ बसल्या होत्या, आणि दोघांच्या मधली खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, ह्यांना बरं वाटेनासं झालं असेल. सासूबाईंना विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या की घरी गेला असेल. घरी आलो तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून झोपले होते. ताप आहे का बघावं म्हणून मी कपाळाला हात लावला, तर तो झटकून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाण्याआधी हे जेवायला बसले. सासूबाई वाढत होत्या, मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. हात अजून तसेच. कासार यायचा होता.

"मी जिवंत असताना तू हे असले हात घेऊन चारचौघांत बसलीस," हे ताटाकडे बघत म्हणाले. "साहेबांच्या देखत. असलं अभद्र मला पुन्हा बघायचं नाही. पियानो बंद."

हेच बोलले ना, याची खात्री करायला मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. पत्रिका न बघणारा, लग्नात भटजींची टिंगल करणारा हाच माणूस? रुमाल बांधलेला ह्यांनी रोज पाहिला होता, त्यावरून थट्टाही केली होती. एका वाक्यात माझी सगळी वर्षं पुसली जात होती आणि मी तांब्या धरून उभी होते.

सासूबाई भात वाढत होत्या. त्यांनी वाढायचं थांबवलं नाही. भात वाढला, त्यावर आमटी घातली आणि हात ताटावर तसाच ठेवला.

"ह्या मोकळ्या हातांनी मी तुला लहानपणापासून वाढतेय," त्या म्हणाल्या. "तेव्हा नाही रे कधी पानावरून उठावंसं वाटलं?"

ह्यांचा घास हातातच राहिला. त्या घरात त्या हातांबद्दल कोणी कधी एक अक्षर काढलं नसावं. आणि ते त्यांनीच काढलं होतं, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात. ह्यांनी मान वर केली नाही. उठलेही नाहीत.

सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"पुढचा कार्यक्रम कधी आहे गं तुझा?"

पुढचा कार्यक्रम कुठेच ठरलेला नव्हता. वाजवायला कोणी बोलावलंही नव्हतं.

"दिवाळीनंतर," मी म्हटलं.