बाजाराचा वार

शेतातल्या जुन्या, फाटक्या ठिबकच्या नळ्या गोळा करायच्या, कारखान्यात वितळवायच्या, नव्या करून पुन्हा शेतात पाठवायच्या, असा आमच्या कंपनीचा फेरा होता. नळ्या गोळा करणारी केंद्रं जिल्ह्यात कुठे ठेवली आणि ट्रक कसा फिरवला तर हा फेरा सगळ्यात स्वस्तात पडेल, हे शोधणारा प्रोग्राम मी लिहिला. तो सगळ्या शक्यता पडताळून गावापुढे एक किंवा शून्य लिहायचा. एक म्हणजे केंद्र चालू, शून्य म्हणजे बंद.

धामणगाव बढेपुढे शून्य आलं.

तिथलं केंद्र भंगाराच्या धंद्यात म्हातारे झालेले एक चाचा चालवायचे. गुडघे गेल्यामुळे गावोगाव हातगाडी फिरवणं सुटलं होतं, सगळी भिस्त या केंद्रावरच. निरोप सांगायला मीच गेले. लॅपटॉपवर नकाशा दाखवत ऐटीत समजावलं, की आसपासच्या खेड्यांतून इथवर नळ्या आणायला शेतकऱ्यांना वेगळी खेप पडते, ती परवडत नाही.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटी, निस्त्या नळ्या घेऊन इथं येते कोण? लोक बाजाराले येतात. येतानी मह्याकडे नळ्या टाकतात, जातानी भाजीपाला घेऊन जातात. तुह्या कंप्युटरले बाजाराचा वार सांगतला नाही काय?"

नव्हता सांगितला. मला स्वतःचाच भयंकर राग आला. मी याच तालुक्यातली. लहानपणी मिरच्यांच्या पोत्यांवर बसून, शिंकत शिंकत याच बाजाराला यायचे. आणि पुण्याला चार बुकं शिकून सातही वार सारखे धरून बसले होते!

तिथेच त्यांच्या बाजेवर बसून प्रोग्राम दुरुस्त केला. बाजाराच्या दिवशीची खेप फुकट धरली, ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी लावला. आकडेमोड बराच वेळ चालली.

"विचार करून राह्यला काय तो?" चाचांनी विचारलं.

"हाव."

शेवटी धामणगावापुढे एक उमटला. माझा जीव भांड्यात पडला.

"हा एक म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही, चाचा. तुमचं केंद्र राहिलं."

त्यांनी पडद्यावरच्या त्या आकड्यावर हलकेच बोट ठेवलं. "अन् मंघाशी इथं काय होतं?"

त्यांच्यासमोर तो आकडा उच्चारायची मला लाज वाटली.