खुंटीजवळचे दोन खळगे

त्याला सगळे थेंबभाऊ म्हणत. नाव चिडवायला पडलं आणि एकोणीस वर्षांत अंगाला चिकटलं. त्याचं काम असं: शेतात लोखंडी कडं ठोकायचं, पाणी भरायचं आणि ते किती वेळात जिरतं ते लिहायचं. बायको म्हणायची, हा माणूस भांडतानासुद्धा दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतो. प्रत्येक शेतात कचेरीनं तीन खुंट्या रोवल्या होत्या, दरवर्षी मोजणी त्यांच्याजवळच व्हायची. तासाला सेंटीमीटरभरही पाणी जिरलं नाही, तर शेत कालव्याच्या पाण्याच्या यादीतून बाद.

आज पाळी ताईच्या शेताची होती. भाऊच बहिणीचं शेत मोजणार म्हटल्यावर लोकांची तोंडं कोण धरणार? म्हणून कचेरीच्या मॅडम जातीनं आल्या होत्या.

दोन खुंट्या नापास झाल्या होत्या. तिसरीवर तास संपत आला, पाणी चारच मिलिमीटर उतरलं होतं. ताई हातातलं खुरपं घट्ट धरून बांधावर उभी होती.

"लिहा, भाऊ," मॅडम म्हणाल्या.

वही घ्यायला थेंबभाऊ गुडघ्यांवरून उठला आणि तिथंच थबकला. खुंटीशेजारी दोन खळगे होते, त्याच्याच गुडघ्यांच्या मापाचे. भोवती गवताचं पातं नव्हतं. नांगरही दरवर्षी खुंटी चुकवून जायचा. एकोणीस वर्षं तो इथंच टेकला होता, इथंच त्यानं भरलेल्या बादल्या आपटल्या होत्या.

"मॅडम, ही जमीन मुळात घट्ट नाही. ती मी दाबून घट्ट केलीय."

"बहिणीच्या शेतातच बरं सुचलं?"

त्याला राग आला, पण प्रश्न रास्त होता. "तुम्ही डोळे मिटून गाडीची किल्ली फेका. पडेल तिथं मोजतो."

किल्ली वीस पावलांवर पडली. त्यानं कडं ठोकलं, पाणी ओतलं. पाणी भराभर उतरू लागलं तशी ताई हसली. तो हसला नाही. पहिला घोट कोरडी माती कुठंही पिते, खरं काय ते तासाभरानं कळतं. इथंही पाणी अडलं असतं, तर ताईचं शेत त्याच्याच सहीनं गेलं असतं.

तासानंतर मॅडमनी पट्टी स्वतः वाचली, दोनदा. "तासाला तीन सेंटीमीटर. शेत बाद करत नाही. सगळं पुन्हा मोजू."

ताई मटकन खाली बसली. "बस रे जरा तूही."

तो बसला नाही. बांधापलीकडे शेजाऱ्याचं शेत ओसाड पडलं होतं. गेल्या वर्षी थेंबभाऊनंच ते बाद केलं होतं. "भाऊ, खुंटी सोडून जरा पलीकडं मोजून बघ की," शेजारी हात जोडून म्हणाला होता. "माती खोटं बोलत नाही," असं त्याला ऐकवून थेंबभाऊनं वही मिटली होती.

"मॅडम, किल्ली घेऊन याल का?" म्हणत त्यानं कडं खांद्यावर टाकलं आणि बांध ओलांडला.

शेजारी शेतातल्या घराच्या दारातच उभा होता. खांद्यावरचं कडं दिसताच त्यानं आत जाऊन दार लावून घेतलं.