मामांची जोडी आणि माझी वाहवा

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांत मी अमरावतीहून अकोल्याकडच्या मामांकडे वरचेवर जाऊ लागलो. मामांवर प्रेम होतंच, पण मामीच्या हातच्या वांग्याच्या भरतावर जरा जास्त.

हातात पैसा आला तशी मामांना एक खोड लागली. चारचौघांनी वाहवा म्हटल्याशिवाय त्यांना चैन पडेना. आणि वाहवा म्हणण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. त्यांनी बैलांना चांदीची घुंगरं आणली. मी म्हटलं, "मामा, हे बैल नांगराचे नाईत, शर्यतीचे आयेत."

झालं. शंकरपटाच्या शर्यतीत मामांनी ती जोडीच पणाला लावली. हरलो, तर बैल समोरच्याचे.

मामीनं ते बैल वासरं असल्यापासून हातानं सरकी चारून वाढवले होते. ती ओरडली नाही. भाकर थापता थापता म्हणाली, "बापू, लेकराचे पुरवले तर ते लाड. पण दुसऱ्याची खोड पोसून जो आपलं पोट भरते, त्याले भाडखाऊ म्हणतात."

भरताचा घास माझ्या हातातच राहिला. मग खाल्ला.

पटाच्या दिवशी मामा स्वतः छकड्यावर बसले. जोडी सुटली झकास, पण अर्ध्या वाटेत बैल चक्क मागे वळायला लागले. जन्मभर नांगर ओढलेला. त्यांना वाटलं, नांगराच्या तासाचं टोक आलं, आता वळायचं. लोक हसून लोळले. मामांचा चेहरा पांढरा पडला, माझाही.

तेवढ्यात पल्ल्याच्या शेवटाकडून मामीची रोजची हाक आली, "या रे माह्या राजांनो." डोक्यावरची सरकीची टोपली तिनं खाली ठेवली होती. सकाळी तिनं बैलांना मुद्दाम उपाशी ठेवलं होतं, हे मला मागाहून कळलं. बैल असे उधळले की मामांचं पागोटं एकीकडे आणि मामा कसेबसे छकड्यावर. जोडी मानभर पुढे निघाली आणि बैल आमचेच राहिले.

घरी परतताना मी धीर केला. "मामी, बैलाईची सरकीची खोड तुमीबी पुरवलीच ना? मग तुमाले काय म्हणाचं?"

"त्या टोपलीतलं मी जेवली काय?"

त्या दिवशी भरीत दुप्पट केलं होतं. मी नको म्हणालो. एकदाच.