डोके पाण्याबाहेर ठेवावे

मुरोरान गावाने एल्डर लवार पिक्स्टन याला शिकवलेले पहिले वाक्य धर्मग्रंथातले नव्हते. पोलादाच्या कारखान्यांच्या त्या जपानी गावी तो बदलून आला, त्याच संध्याकाळी ‘मात्सुनोयु’ नावाच्या सार्वजनिक स्नानगृहात गेला. वाफाळत्या हौदात तो मोठ्या समाधानाने आकंठ बसला, मग कंठाच्याही वर बुडाला, आणि वर येतो न येतो तोच स्त्री-पुरुषांच्या दालनांमधल्या उंच बैठकीवरून आवाज आला.

“ए पोरा, डोकं वर. चार माणसं बसलीत त्या पाण्यात. आधी अंग घासायचं, मग उतरायचं. हौदात कापड नाही, डोकं नाही. किती वेळा सांगायचं?”

सांगण्याची ती पहिलीच वेळ होती. पण आवाजातला वैताग अनेक वर्षांचा होता. आपण परमेश्वराचे संदेशवाहक आहोत ही जाणीव विवस्त्र अवस्थेत टिकवणे किती दुष्कर असते, याचा बोध पिक्स्टनला त्या क्षणी झाला.

एल्डर म्हणजे ज्येष्ठ. ही पदवी त्याच्या खिशावरच्या काळ्या पट्टीवर कोरलेली होती. वय एकवीस होते आणि दाढीचा अद्याप विचार चालू होता. मॉर्मन पंथाच्या रीतीप्रमाणे आयडाहोतले बीटाचे शेत सोडून तो दोन वर्षांसाठी धर्मप्रचाराला निघाला होता, आणि ती मुदत आता सरत आली होती. पहाटे अध्ययन, मग पांढरा सदरा, काळा टाय, सायकल, आणि दारामागून दार. दारे उघडत, माणसे लवून नमस्कार करीत, आणि दारे अतीव सौजन्याने बंद होत. या सर्व काळात त्याच्या हातून एकही दीक्षास्नान, म्हणजे बाप्तिस्मा, घडले नव्हते. आपल्या उपदेशाने आजवर केवळ कुत्रीच हेलावली आहेत, असे तो स्वतःच म्हणे. मुरोरान हे त्याचे शेवटचे गाव होते.

पंथाच्या नियमानुसार अष्टौप्रहर बरोबर असणारा त्याचा जोडीदार म्हणजे एल्डर कुवाबारा, सेंदाईच्या एका शिंप्याचा मुलगा. तो मितभाषी होता, आणि त्याचे मोजके शब्द नेमके लागत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, स्नानगृह उघडण्यापूर्वी, दोघे क्षमा मागायला गेले. काल बैठकीवरून ओरडलेला मालक तोयोजी हिरानुमा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून रिकाम्या हौदात उभा होता. पिक्स्टनने पुस्तकातून कमावलेली आपली सगळी जपानी भाषा पणाला लावली.

“आदरणीय महोदय, काल माझ्याकडून घडलेल्या अविवेकी जलप्रवेशाबद्दल मी आपली क्षमा याचितो.”

हिरानुमाने कुवाबाराकडे पाहिले. “हा नेहमी असंच बोलतो?”

“झोपेतसुद्धा,” कुवाबारा म्हणाला.

“मग तोंडापेक्षा हाताला काम दे त्याच्या. ब्रश तिकडे आहे.”

अशा रीतीने उपदेश सुरू झाला. पिक्स्टन फरशा घाशी आणि घासता घासता सृष्टी, पतन, उद्धार यांविषयी बोले, हिरानुमा बुटक्या लाकडी चौरंगावर बसून ऐके, आणि उद्धाराच्या ऐन रंगात आलेल्या प्रकरणी म्हणे, “कोपरा राहिला.” उपदेशासाठी आणलेले चित्रांचे तक्ते ओलीने वाकडे झाले. कोपरे मात्र उत्तरोत्तर स्वच्छ होत गेले, आणि धर्मप्रचारक म्हणून आपली निश्चित प्रगती या एकाच दिशेने होत आहे, हे पिक्स्टनला मान्य करावे लागले.

हिरानुमा विधुर होता. उंच बैठकीवर पूर्वी त्याची बायको हात्सुए बसे आणि तो खाली भट्टी सांभाळी. ती गेल्यापासून तो स्वतः तिथे बसत असे, तिच्या निळ्या गादीच्या मधोमध, पाय फाकून.

एका दुपारी त्याने विचारले, “म्हणजे मेल्यावरही नवरा-बायको एकत्र राहतात, असं तुमचं म्हणणं?”

“यथोचित विधींनी बांधले गेल्यास. दीक्षास्नान ही त्याची पहिली पायरी होय.”

“हात्सुएला विचारलंत का? जन्मभर माझं घोरणं ऐकलं तिनं. आता कुठे जरा निवांत झोपली असेल बिचारी.”

कुवाबारा हसला. हिरानुमाही हसला; पण त्यानंतर स्वतःच ब्रश घेऊन एकच फरशी तो कितीतरी वेळ घाशीत राहिला. पुढच्या आठवड्यात त्याने पंथाच्या नियमाप्रमाणे तंबाखू सोडली, मग चहा सोडला, आणि मग खाली पाहतच म्हणाला, “करू या ते. पण एकदाच. नाही जमलं तर पुन्हा यायचा धीर माझ्यात नाही.”

त्या दिवशी परतताना पिक्स्टनने घरी गेल्यावर वडिलांना सांगायचे वाक्य मनात रचले. त्यात ‘मी’ फार ठळक होता. चढावर सायकल ढकलताना त्याने तो आणखी ठळक केला.

दीक्षेचा रविवार आला. प्रार्थनागृह म्हणजे एक भाड्याचे घर. त्याच्या मागच्या अंगणाला छप्पर घालून एक टाके बांधलेले होते. हिरानुमाने येताच पाण्यात कोपर घातले.

“हे पाणी पाहुण्याला देणार होतात?”

शेजारणींनी किटल्या चढवल्या. पाणी कोमट झाल्यावर तो न्हाणीत शिरला आणि उकिडवा बसून नखशिखान्त अंग घासू लागला. पिक्स्टन थेट टाक्याकडे निघालेला दिसताच त्याने हाक मारली, “तू कुठे चाललास? आधी घास.” विधीच्या पुस्तकात असे काही नव्हते, पण पिक्स्टन निमूटपणे घासत बसला.

मग शुभ्र वस्त्रे नेसून दोघे पाण्यात उतरले. “कपडे घालून,” हिरानुमा पुटपुटला, आणि सुस्कारा सोडला. पिक्स्टनने उजवा हात उंचावला, पूर्ण नावाने त्याला संबोधले, मंत्र म्हटला, आणि त्याला मागे कलते केले. पाणी छातीवर आले, हनुवटीवर आले. तिथे हिरानुमाची मान ताठ झाली.

पंथाचा नियम असा की देहाचा कणही पाण्याबाहेर राहता कामा नये. त्यासाठी दोन साक्षीदार काठावर उभे असतात. त्यांतला कुवाबारा म्हणाला, “डोकं राहिलं.”

दुसऱ्यांदा कान बुडाले, चेहरा राहिला. तिसऱ्यांदा म्हातारा पाण्यात लोखंडी कांबीसारखा ताठ झाला आणि दोघांचाही तोल गेला. गाणे म्हणायला जमलेल्या बायका आपापल्या पुस्तकांत पाहू लागल्या.

“मन तयार आहे रे,” हिरानुमा हळूच म्हणाला. “मानच ऐकत नाही. सगळ्या गावाला हेच तर सांगत आलो आम्ही दोघं जन्मभर.” त्याने कठड्याला हात घातला आणि एक पाय पायरीवर ठेवला. “राहू दे. मी इथवर आलो होतो, एवढं हात्सुएला कळलं तरी पुरे.”

पिक्स्टनजवळ अशा प्रसंगासाठी पाठ केलेली वचने होती. त्यांतले एकही आठवेना. जपानी आठवेना, इंग्रजीही आठवेना. आपले ठळक वाक्य पायऱ्या चढून निघालेले त्याला दिसत होते. पण त्याहून स्पष्ट दिसत होती ती म्हाताऱ्याची ओली, ओशाळलेली पाठ. काहीच सुचेना, तेव्हा तो स्वतःच पाण्याखाली गेला, केसांसकट, आणि वर आला.

हिरानुमा गर्रकन वळला. “ए पोरा, डोकं वर. किती वेळा सांगायचं?”

हिरानुमाला स्वतःचा आवाज ऐकू आला असावा. त्याच्या ओठांचा कोपरा हलला, मग खांदे हलले, आणि मग तो असा हसू लागला की कठडा धरून त्याला परत पाण्यात बसावे लागले. हसणाऱ्या माणसाची मान ताठ राहू शकत नाही. पिक्स्टनने तीच संधी साधली. घाईत मंत्र म्हटला; या खेपेस म्हातारा अंगठ्यापासून शेंडीपर्यंत पाण्याखाली गेला, आणि पांढरे केस क्षणभर तळाशी गवतासारखे हलले.

“झालं,” कुवाबारा म्हणाला. दुसऱ्या साक्षीदाराने मान डोलावली.

हिरानुमाने तोंडावरचे पाणी पुसले. “आत काहीच ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “बादल्या नाहीत, माणसं नाहीत. तिला आवडेल.”

दुसऱ्या संध्याकाळी दोघे मात्सुनोयुमध्ये गेले. पिक्स्टन यथासांग अंग घासून हौदात उतरला. आजवर पाठ केलेल्या कोणत्याही वचनाने जे साधले नव्हते, ते आपल्या एका असभ्यपणाने साधले. हे वडिलांना कसे सांगावे, याचा विचार करीत तो नकळत पाण्यात खाली घसरू लागला.

“तिथलं पाणी देवाचं,” बैठकीवरून आवाज आला. “हे माझं. डोकं वर.”

पिक्स्टनने वर पाहिले. हिरानुमा आज निळ्या गादीच्या मधोमध नव्हता. एका कडेला, गुडघे जवळ घेऊन, तो बेताने बसला होता. उरलेली अर्धी गादी मोकळी होती आणि तिच्यावरची सुरकुती हाताने सारखी केलेली दिसत होती.

पिक्स्टनने बोलण्यासाठी श्वास घेतला.

“काही सांगू नकोस,” शेजारून कुवाबारा हळूच म्हणाला.

आणि दोन वर्षांत प्रथमच एल्डर पिक्स्टन, हनुवटीपर्यंत पाण्यात, गप्प बसला.